ब्लॉग नियमित लिहिला जातो, पण चौकशी येत नाही: बिघाड शोधण्याचा क्रम

लहान व्यावसायिकांचे ब्लॉग दुरुस्त करून देताना एकच तक्रार मी निरनिराळ्या तोंडून ऐकत आलो आहे: वर्षभर लिहीत आहे, पण ब्लॉगवरून एकही काम मिळाले नाही. तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे बिघाड वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची लक्षणेही वेगळी असतात. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी आपले लक्षण पुढीलपैकी कोणते, ते ओळखावे.

- व्यवसायाचे पूर्ण नाव टाकून गूगलवर शोधले तरी ब्लॉग दिसत नाही.
- नावाने शोधल्यास ब्लॉग सापडतो, पण आपण जे काम करतो त्या कामाविषयी शोधल्यास तो कोठेच नसतो.
- वाचक येतात, आकडे वाढतात, पण कोणी फोन करत नाही किंवा निरोप पाठवत नाही.
- पूर्वी चौकशा येत होत्या आणि एका विशिष्ट सुमारास त्या एकदम थांबल्या.
- आपल्याला ब्लॉग व्यवस्थित दिसतो, पण इतरांना धोक्याची सूचना किंवा भलतेच पान दिसते.

बहुतेक जण या टप्प्यावर थीम (ब्लॉगचा तयार साचा) बदलतात, नवीन रचना करून घेतात किंवा जाहिरातीवर पैसे घालतात. म्हणजे सर्वांत महाग उपायापासून सुरुवात करतात. दुसरे काही जण लेखनालाच दोष देऊन सगळे नव्याने लिहू लागतात. मी पाहिलेल्या ब्लॉगांपैकी बऱ्याच ठिकाणी लेखन ठीक होते. वाचक आणि मालक यांच्यामधली एखादी कडी तुटली होती. पान शोधयंत्राला सापडणे, ते निकालांत दिसणे, वाचकाने ते उघडणे, त्यातून संपर्क साधणे आणि तो निरोप मालकापर्यंत पोहोचणे, या साखळीत तुटलेली जागा सापडेपर्यंत बाकीची मेहनत वाया जाते. पुढील तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलाची तारीख वहीत लिहून ठेवावी, कारण शोधयंत्राला बदललेले पान पुन्हा पाहण्यास काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात आणि तोवर आपण काय केले होते ते आठवत नाही.

परक्याच्या नजरेने ब्लॉग उघडून पाहणे

यास पाच मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाच्या फोनवर मोबाइल डेटा वापरून ब्लॉग उघडावा. मालक आपल्या खात्यात लॉग इन असल्यामुळे त्याला 'खासगी' म्हणून जतन झालेल्या पोस्टही दिसतात; शिवाय ब्राउझर जुन्या पानाची साठवलेली प्रत दाखवू शकतो. एका व्यावसायिकाच्या शेवटच्या नऊ पोस्ट अशाच खासगी राहिल्या होत्या आणि ते स्वतः त्या रोज वाचत होते.

याच वेळी पत्त्याच्या पट्टीकडेही पाहावे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला 'असुरक्षित' असे लेबल लावतो आणि ही जोडणी सुरक्षित असल्याचे सांगणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर पानाआधी मोठी सूचनाच दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे प्रचलित पद्धतीनुसार ९० दिवसांची असतात आणि ती आपोआप नवी होणे अपेक्षित असते. होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ज्या सर्व्हरवर ठेवलेला असतो ती सेवा, बदलल्यावर ही स्वयंचलित व्यवस्था मागेच राहून जाते. ती सूचना ओलांडून चौकशी करणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही. अनेक होस्टिंग सेवांच्या नियंत्रण-पटलावर प्रमाणपत्र नव्याने घेण्याचे बटण असते. ते दाबूनही सूचना गेली नाही, तर होस्टिंगच्या मदत कक्षाला कळवावे. हे त्यांचेच काम आहे.

संपर्क फॉर्म खरोखर पोहोचतो का

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणासाठी मी सर्वांत आधी येथे येतो आणि पुष्कळदा येथूनच परततो. आपल्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या ईमेल पत्त्यावरून स्वतःच्याच फॉर्ममधून चौकशी पाठवावी. 'धन्यवाद, आपला निरोप मिळाला' अशी ओळ दिसली म्हणून समाधान मानू नये. आपल्या सर्व्हरने पत्र पुढे सोपवले, एवढाच त्या ओळीचा अर्थ असतो. ते पत्र कोणाच्या पेटीत पडले की वाटेत नाकारले गेले, याची फॉर्मला कल्पना नसते. इनबॉक्स पाहावा, मग स्पॅम पाहावा, आणि फॉर्मच्या सेटिंगमध्ये पत्र कोणत्या पत्त्यावर जाते तेही वाचावे. तो पत्ता कधीकाळी ब्लॉग बनवून देणाऱ्याचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा असल्याचे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

पत्ता बरोबर असूनही पत्र येत नसेल, तर कारण बहुधा 'प्रेषक' या रकान्यात असते. अनेक फॉर्म वाचकाने भरलेला ईमेल पत्ताच प्रेषक म्हणून लावतात. म्हणजे आपला सर्व्हर वाचकाच्या जीमेल पत्त्याच्या नावाने पत्र पाठवतो, तसा अधिकार त्याला नसतो, आणि पत्र स्वीकारणारी बाजू त्यास बनावट समजून बाजूला टाकते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच प्रेषकांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक ओळखपद्धत, म्हणजे पत्र खरोखर त्या प्रेषकाचेच आहे हे पटवणारी खूण, आवश्यक केली आहे. त्यामुळे आधी कसेबसे चालणारे फॉर्म कोणीही हात न लावता बंद पडले असतील, तर त्यात नवल नाही.

उपाय असा की प्रेषक म्हणून आपल्याच डोमेनवरचा (संकेतस्थळाच्या नावाचा) पत्ता ठेवावा, वाचकाचा पत्ता 'उत्तर येथे पाठवा' या रकान्यात जाऊ द्यावा आणि वर्डप्रेसवर असाल तर एसएमटीपी जोडणी, म्हणजे अधिकृत ईमेल सर्व्हरमार्फत पत्र पाठवण्याची सोय, करून देणारे प्लगइन (ब्लॉगला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावावे. यासोबत आलेली प्रत्येक चौकशी ब्लॉगच्या डेटाबेसमध्येही साठवण्याची सोय सुरू करावी. काही फॉर्म-प्लगइन ती नोंद आधीपासून ठेवत असतात, म्हणून तो विभाग आताच उघडून पाहावा. एका ठिकाणी तो उघडला तेव्हा कित्येक महिन्यांच्या चौकशा तेथे अनुत्तरित पडून होत्या. मालकाला मात्र आपण लिहितो ते कोणी वाचतच नाही असे वाटत होते, आणि त्या चौकशांना आता काय उत्तर द्यावे हा प्रश्न माझ्याकडेही सुटला नाही.

एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाचे संकेतस्थळ व ईमेल कोठे आहे ते सांगणाऱ्या नोंदवहीत, कराव्या लागतात. ते पान पूर्वी कधी हाताळले नसेल तर येथे थांबावे. तेथील चुकीच्या एका ओळीने फॉर्म तर सोडाच, व्यवसायाचे संपूर्ण ईमेल बंद पडू शकते.

फोन नंबरही तपासावा. तो बॅनरच्या चित्रात लिहिलेला असेल तर मोबाइलवर बोट ठेवून थेट फोन लावता येत नाही. मजकूर म्हणून लिहून त्याला फोन लावणारी लिंक द्यावी आणि ती लिंक स्वतः दाबून पाहावी. दिसणारा नंबर बरोबर आणि लिंकमधला जुना, असेही घडते.

शोधयंत्राला आत येण्याची परवानगी आहे का

पहिल्या लक्षणासाठी ही तपासणी मुख्य आहे. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम (:) आणि जागा न सोडता आपल्या ब्लॉगचा पत्ता लिहून शोध घ्यावा. येणारी यादी पूर्ण असेलच असे नाही, पण ती संपूर्ण रिकामी असेल तर दार बंद असण्याची शक्यता मोठी आहे.

वर्डप्रेसमध्ये 'सेटिंग्ज'खालील 'रीडिंग' पानावर शोधयंत्रांना परावृत्त करणारी एक चौकट आहे. ब्लॉग तयार होत असताना अर्धवट पाने बाहेर जाऊ नयेत म्हणून कारागीर तेथे खूण करतो आणि काम सोपवताना काढायचे विसरतो. नोव्हेंबर २०१९ मधील ५.३ आवृत्तीपासून या खुणेमुळे प्रत्येक पानावर 'नोंद घेऊ नका' अशी स्पष्ट सूचना लागते आणि गूगल ती पाळते. ब्लॉगरवर अशीच निवड 'प्रायव्हसी' विभागात असते. खूण काढण्यास एक क्षण लागतो. परिणाम दिसण्यास मात्र थांबावे लागते.

याच्याशी नेहमी गल्लत होणारी दुसरी वस्तू म्हणजे रोबोट्स फाइल. ही फाइल शोधयंत्राला पान वाचू नको असे सांगते, पान यादीतून काढ असे सांगत नाही. त्यामुळे एखादे पान येथे अडवलेले असेल तर गूगल त्याचा पत्ता तरीही दाखवू शकतो, मात्र आत काय आहे ते त्यास ठाऊक नसते. आणखी एक गुंता असा की पान अडवलेले असेल तर त्यावरची 'नोंद घेऊ नका' ही सूचनाही त्यास वाचता येत नाही. एकावर एक कुलुपे लावून ठेवलेली असतात ती या गैरसमजातून.

दोन्ही ठिकाणी अडथळा नसेल तर गूगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉगची मालकी सिद्ध करावी. गूगलला आपला ब्लॉग कसा दिसतो ते दाखवणारी ही सेवा मोफत आहे, आणि ब्लॉगवर लिहिणाऱ्या व्यावसायिकाने एकच साधन वापरायचे ठरवले तर ते हेच असावे असे माझे मत आहे. तेथील यूआरएल तपासणीत पोस्टचा पत्ता टाकला की त्या पोस्टची स्थिती कळते. 'शोध लागला, पण अद्याप नोंद नाही' याचा अर्थ गूगलला पत्ता ठाऊक आहे, पान त्याने अजून उघडलेले नाही. येथे इतर पोस्टमधून त्या पानाकडे लिंक देणे आणि साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरील पानांची यादी, सादर करणे उपयोगी पडते. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, साइटमॅप आपोआप तयार करतो. 'वाचले, पण अद्याप नोंद नाही' ही स्थिती निराळी आहे: पान उघडून पाहिले आणि घेतले नाही. बिघाड तांत्रिक नसून मजकुराचा असल्याची ही बहुधा खूण असते. नोंदीची विनंती पुन्हा पुन्हा करून काही साधत नाही, एकदा पुरे.

मोजणारा काटाच बंद आहे का

वाचकांच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणे थांबवले. ज्यांनी नवा कोड बसवला नाही, त्यांचा आलेख त्या सुमारास शून्यावर आला आणि अनेकांनी ब्लॉग मेला असे समजून लिहिणे सोडले. याउलट होस्टिंगच्या पटलावरचे आकडे फुगलेले असतात, कारण त्यांत बॉटच्या, म्हणजे आपोआप पाने उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भेटीही मोजल्या जातात. सर्च कन्सोलचे आकडे गूगलच्या स्वतःच्या नोंदींतून येतात, ब्लॉगवरील कोणत्याही कोडवर अवलंबून नसतात आणि मागील १६ महिन्यांपर्यंत पाहता येतात. काट्यांत तफावत असेल तर शोधातून येणाऱ्या वाचकांपुरता मी सर्च कन्सोलवरच विश्वास ठेवतो.

कोणते शब्द शोधून लोक येतात

येथपर्यंत सर्व ठीक निघाले तरच लेखनाकडे वळावे. सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात लोकांनी शोधलेले शब्द, आपले पान किती वेळा दिसले, ते किती वेळा उघडले गेले आणि ते सरासरी कितव्या स्थानी होते, हे चार आकडे मिळतात. त्यांच्या जोड्या वाचता आल्या की निदान बरेचसे होते.

पान मुळीच दिसत नसेल, तर आपण लिहितो त्या शब्दांनी कोणी शोधत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणारा व्यावसायिक 'आमच्या सेवेची नवी भरारी' या शीर्षकाखाली लिहितो. ज्याचे मशीन अडले आहे तो मात्र 'वरचा धागा वारंवार का तुटतो' असे शोधतो. व्यावसायिकाला दिवसभरात फोनवर जे प्रश्न विचारले जातात, ते विचारणाऱ्याच्या शब्दांतच लिहून ठेवावेत. पुढच्या अनेक पोस्टची शीर्षके त्या कागदावर तयार असतात. शुभेच्छा, वर्धापनदिन, पुरस्कार यांच्या पोस्ट ओळखीच्या लोकांसाठी ठीक आहेत, पण अनोळखी माणूस त्या शोधणार नाही.

पान पुष्कळ वेळा दिसते, पण उघडले जात नाही, अशी स्थिती असेल तर आधी स्थान पाहावे. सरासरी स्थान तिसाच्या पुढे असेल तर शीर्षक बदलून उपयोग नाही, कारण तेथवर फारसे कोणी जातच नाही. स्थान पहिल्या दहात असूनही क्लिक नसतील, तर शीर्षक आणि त्याखालील दोन ओळी प्रश्नाला भिडत नाहीत असे समजावे.

क्लिक आहेत पण चौकशी नाही, हा सर्वांत फसवा प्रकार. धाग्याचा ताण कसा जुळवावा, सुई कशी बसवावी हे सांगणारी पोस्ट शेकडो लोक वाचतात, आपले मशीन स्वतः नीट करतात आणि निघून जातात. अशी पोस्ट लिहू नये असे मी म्हणणार नाही, कारण नाव लक्षात राहते ते अशाच मदतीने. मात्र ताण जुळवूनही धागा तुटत असेल तर हूकचे टायमिंग सरकलेले असू शकते आणि ते घरी जुळवू नये, हे वाक्य त्या पोस्टमध्ये असले पाहिजे, आणि फोन नंबर त्याच वाक्याला लागून असला पाहिजे. पानाच्या तळाशी दिलेला नंबर अडलेल्या माणसाला त्या क्षणी दिसत नाही.

उत्पादकाच्या माहितीपत्रकातून उचललेला किंवा यंत्राकडून घाऊक लिहवून घेतलेला मजकूर असेल तर तो काढावा. शोधात वर येण्यासाठी, वाचकाला फारसे काही न देणारी पाने मोठ्या संख्येने तयार करणे गूगलने मार्च २०२४ पासून आपल्या स्पॅमविषयक नियमांत स्पष्टपणे समाविष्ट केले आहे, मग ती माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने.

पान उघडण्यास लागणारा वेळ

फोनच्या कॅमेऱ्यातून आलेले अनेक मेगाबाइटांचे छायाचित्र तसेच चढवलेले असणे, हे मंद ब्लॉगचे नेहमीचे कारण. छायाचित्रे लहान करून चढवावीत, न वापरलेली प्लगइन काढावीत आणि मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग-चाचणीवर मोबाइलचा निकाल पाहावा. पानावरील सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असे गूगलचे मानक आहे. गूगल आता पानाची मोबाइलवरील आवृत्तीच नोंदीसाठी वापरत असल्यामुळे संगणकावरच्या निकालाने हुरळून जाऊ नये. शंभरपैकी शंभर गुण मिळवण्याच्या मागेही लागू नये. त्या वेळेत एक चांगली पोस्ट लिहून होते.

तुटलेले पत्ते

चौकशा एकदम थांबल्या असतील आणि त्या सुमारास थीम, डोमेन किंवा पर्मालिंकची (पोस्टच्या पत्त्याची) रचना बदललेली असेल, तर जुने पत्ते तपासावेत. पोस्टचा पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावरची ओळख आणि बाहेरून आलेल्या लिंक निरुपयोगी होतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, द्यावे लागते. पाच-दहा पोस्ट असतील तर प्लगइनच्या साहाय्याने हे स्वतः करता येते, पण आधी संपूर्ण ब्लॉगची बॅकअप प्रत घ्यावी आणि ती ब्लॉग ज्या सर्व्हरवर आहे त्याच सर्व्हरवर ठेवू नये. शेकडो पत्ते असतील किंवा डोमेनच बदललेले असेल तर हे काम अनुभवी माणसाकडे द्यावे, कारण वळणांच्या साखळ्या तयार झाल्या की त्या सोडवणे मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

येथे हात थांबवावा

ब्लॉग थेट उघडल्यास ठीक दिसतो, पण गूगलच्या निकालातून उघडल्यास दुसरीकडे नेतो. किंवा निकालांत आपल्या नावाखाली आपण न लिहिलेली, अनेकदा जपानी अक्षरांतील शीर्षके दिसतात. किंवा सर्च कन्सोलच्या सुरक्षा विभागात सूचना आली आहे: या तिन्हींचा अर्थ ब्लॉगमध्ये कोणीतरी शिरले आहे. अशा वेळी दिसेल ती फाइल पुसू नये. वरवरचा घाण मजकूर जातो, परत येण्याची चोरवाट मात्र फायलींत किंवा डेटाबेसमध्ये राहते आणि काही दिवसांत सगळे पुन्हा उगवते. व्यावसायिकाला बोलवावे, आणि तोपर्यंत दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून होस्टिंग, ब्लॉग व ईमेल यांचे पासवर्ड बदलावेत. सर्च कन्सोलमध्ये मानवी कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसांनी नियमभंगाबद्दल केलेल्या कारवाईची, नोंद असेल, वर्डप्रेस अद्ययावत केल्यावर कोरे पांढरे पान येत असेल, किंवा डेटाबेस आणि सर्व्हरच्या फायली उघडण्याची वेळ आली असेल, तरीही हाच नियम लागू.

डोमेनची मुदत संपली असेल तर विलंब करू नये. 'डॉट कॉम'सारखे डोमेन नोंदणी करून देणाऱ्या कंपनीने रद्द केल्यावर ३० दिवसांची सोडवून घेण्याची मुदत असते आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी जादा शुल्क पडते. त्यानंतर लवकरच ते कोणालाही घेता येते. डोमेन ब्लॉग बनवणाऱ्याच्या नावावर असल्याचे तेव्हाच उघड होते. त्यामुळे नोंदणीच्या खात्यात आपले नाव आणि आपलाच ईमेल आहे का, हे आज सगळे सुरळीत असतानाच पाहावे.

व्यावसायिकाला बोलावताना आपली तारखांची वही द्यावी. त्याचा निम्मा वेळ वाचतो. स्वतःचा पासवर्ड मात्र देऊ नये. वर्डप्रेसमध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र प्रशासक खाते तयार करावे, काम सुरू होण्यापूर्वी बॅकअप घेतल्याची खात्री करावी, काय काय बदलले याची लेखी यादी मागावी आणि फॉर्ममधून पाठवलेली चाचणीची चौकशी त्याच्यासमोरच आपल्या फोनवर आल्याचे पाहून मग ते खाते बंद करावे.